द्वारकाकाकूंचं हिरवं कपाट

द्वारकाकाकू देवळात शिरल्या की आधी देवाला नव्हे, दाराला हात लावीत. नमस्कार मागाहून. चौकटीवरचा रंग नखानं जरासा खरवडायचा, चिमटीत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मान हलवायची. "तेल कमी पडलंय. दोन पावसांत पोपडे धरील." गाभाऱ्यातून गुरव ओरडे, "काकू, नख आवरा! गेल्याच वर्षी दिलाय तो रंग!" काकू शांतपणे म्हणत, "म्हणून तर बघत्ये."

कचेरीतली बाकं, मोटारीचा पत्रा, कुणाच्या घरचा नवा पाळणा, काही म्हणून त्यांच्या नखातून सुटायचं नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. जानवसघरी नवऱ्या मुलाची ट्रंक ठेवलेली होती. या बाई वाकून तिचा कोपरा खरवडतायत आणि मागे वरमाई उभी! काकू सरळ झाल्या, हात झटकले आणि वरमाईला म्हणाल्या, "रंग उत्तम आहे हो ट्रंकेचा. मुलाचं तेवढं आम्ही तुमच्या शब्दावर धरतो." वरमाईला रागवावं की हसावं ते कळेना. शेवटी हसली बिचारी.

पण हे वेड त्यांना जन्मजात नव्हतं. ते लागलं त्या एका पावसाळ्यापासून, आणि ते का लागलं हे आमच्या आळीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आमच्या दोघींच्या मागीलदारी विहीर एकच होती. रहाटावर उभं राहिलं की बाईचं सगळं कळतं.

ही तिसाच्या सालाच्या आगेमागेची गोष्ट. काकूंची रत्नागिरीत खानावळ होती. कचेरीतले कारकून, शाळेतले मास्तर, असे एकटे राहणारे पुरुष त्यांच्या पडवीत दोन वेळा जेवत. काकू उंच, हाडकुळ्या, विधवेच्या लाल आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. आवाज मात्र असा की या टोकाला मीठ मागितलं तर त्या टोकाची बाई घेऊन येई. ऐन विशीत नवरा गेला. मग कित्येक वर्षं संगमेश्वरास दिराच्या घरी काढली. तिथून एकदा भाचीच्या बाळंतपणाला म्हणून रत्नागिरीस आल्या त्या परत गेल्याच नाहीत. चार माणसांचा डबा करता करता खानावळ झाली.

दिराला, म्हणजे आबाभाऊजींना, ते मुळीच पसंत नव्हतं. माणूस दुष्ट नव्हता हो, खोटं कशाला बोलू? पण आपल्या घराण्याच्या सुनेनं परक्या पुरुषांना वाढून पोट भरावं ही त्यांना नामुष्की वाटे. वर्षातून दोनतीनदा येत, तपकीर ओढत पडवीत बसत आणि म्हणत, "वहिनी, पुरे झालं. घरी चला." काकू त्यांना वाढत आणि विषय बदलत.

एकदा मी रहाटावर विचारलं, "काकू, जायला काय हरकत आहे? दोन घास सुखाचे मिळतील."

कसल्या उसळल्या! "सुखाचे? अगो, इतकी वर्षं त्या घरात मला कुणी नावानं हाक मारली नाही. ‘तांदूळ निवडलेस?’, ‘शेण काढलंस?’ एवढंच. इथे तो मेला बंडोपंत भाताला मीठ कमी पडलं तरी ‘द्वारकाकाकू’ म्हणून ओरडतो. मला गोड लागतं गो ते!"

आणि नेमका त्याच वर्षीच्या पावसाळ्यात घात झाला. काकूंच्या स्वयंपाकघरात फणसाचं मोठं कपाट होतं, तसंच कोरं, रंग ना रोगण. पावसाळ्यासाठी आगोटीला भरलेली सगळी बेगमी त्यात. पापड, फेण्या, पिठं, कुळीथ, आमसुलं. आमच्याकडचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. श्रावणापर्यंत ते कपाट इतकं पाणी प्यालं की दारं फुगली, आतून हिरवट बुरशी चढली आणि पिठाला जाळी धरली. बंडोपंत कचेरीतला जुना कारकून, काकूंचा सगळ्यात भक्त. त्यानंसुद्धा एक दिवस भाकरी तोंडाशी नेऊन ताटात परत ठेवली. मग एकेक करून निम्मी पडवी रिकामी झाली.

आबाभाऊजी दसऱ्याला आले, रिकाम्या पडवीकडे बघितलं आणि म्हणाले, "आणखी एक पावसाळा देतो. पुढच्या दसऱ्याला हेच असलं तर गाडी घेऊन येईन. मग मात्र कुरकुर चालायची नाही." काकू दुसऱ्या दिवशी देवळात गेल्या आणि पहिल्यांदा दाराला नख लावलं.

त्यानंतरचे ते महिने! अहो, आमच्या आळीत नाटक कंपनी उतरली असती तरी एवढी गर्दी झाली नसती. काकूंनी सुताराकडून फणसाच्या फळीचे हातभर तुकडे करून आणवले आणि ज्याच्या त्याच्याकडून रंग मिळवून एकेकावर एकेक दिला. एकावर बाजारातला डबाबंद विलायती रंग. एकावर सफेद्याची पांढरी भुकटी बेलतेलात कालवून. एकावर लाखेचं रोगण, आरशासारखं चकचकीत. एकावर काजूच्या टरफलाचं तेल, काळंकुट्ट, जे लावताना सुताराचे हात फोडांनी उतले. आणि एक तुकडा बंदरावरून आणलेला, मोडीत काढलेल्या होडीच्या फळीचा, जुन्या हिरव्या रंगाचा. सगळे मागीलदारी दोरीला टांगले आणि छळ सुरू केला.

छळच तो! कुणावर कोकमाचं आगळ ओत, कुणावर हळद-तेल चोळ, कुणाला चुलीच्या धुरात टांग, कुणाला रात्रभर विहिरीत बुडवून ठेव. गूळ फासून मुंग्यांच्या वारुळापाशी ठेव. जेवणारी मंडळी हात धुवायला मागीलदारी येत आणि तिथेच खिळून राहत. प्रत्येकाचा एकेक तुकडा ठरलेला. बंडोपंत विलायतीवाला. "साहेबाचा रंग आहे काकू, आगबोटीतनं आलाय!" एक मास्तर लाखेच्या रोगणाच्या बाजूनं भांडत. रोज सकाळी काकू पदर खोचून निकाल सांगत, आणि पडवीत नुसता दंगा!

रोगण पहिलं मेलं. उकळत्या दुधाचं पातेलं टेकवलं मात्र, पांढरं कडं उमटलं ते उमटलं. मास्तर दोन दिवस गप्प जेवले. सफेद्याला हळदीचे डाग पडले ते निघेनात. विलायती रंग बरेच दिवस तग धरून होता. बंडोपंताची मान ताठ. पण आगळ पडलं तशी त्याला फोडासारखी साल सुटली, आणि काकूंनी नखानं ती लांबच्या लांब ओढून बंडोपंताच्या हातात दिली. "घे रे, तुझा साहेब." पडवीत कुणी जेवेचना हसण्यापायी. काजूचं तेल पक्कं निघालं, पण वासानं डोकं धरे, आणि इतकं काळं कपाट स्वयंपाकघरात नको असं काकूंचंच मत पडलं.

राहिला होडीचा तुकडा. त्याला काही म्हणता काही झालं नाही. आगळ ओघळून गेलं, हळद पुसली गेली, मुंग्या वर चढून घसरल्या. काकू त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "सुशे, सापडलं गो! सापडलं!" मला अजून ती बोटं आठवतात. मीही वेड्यासारखी उड्या मारत होते, तेव्हा मी दोन पोरांची आई होते.

मग आम्ही बंदरावर गेलो. विधवा बाई भर दुपारी होड्यांच्या मध्ये! लोकांनी माना वळवून बघितलं. काकूंनी छत्री त्यांच्याकडे कलती धरली आणि सरळ चालत राहिल्या. होड्या रंगवणारा इब्राहीमभाई एका तांडेलाशी भांडत होता. दाढीला मेंदी, कमरेला लुंगी, आणि बढाई मारण्यात आख्ख्या बंदरावर त्याचा हात कुणी धरायचा नाही.

"माझ्या हाताची होडी मस्कतास जाऊन येते काकी," तो म्हणाला. "माणसं रंग बदलून येतील, होडी नाही यायची."

"ते बघितलं मी. त्यात घालतोस काय ते सांग."

"तेल."

"कसलं?"

इब्राहीमभाईनं माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. "काकी, विचारू नका. लावा."

"मला नाक आहे रे," काकू म्हणाल्या. "मासळीचं आहे. माझ्या पडवीत बामण जेवतात. कपाटाला मासळी लावली तर दुसऱ्या दिवशी एक पान मांडायला नको. मासळी काढ. अळशीचं घाल. माझ्याच मागीलदारी, नव्या मडक्यात, माझ्यासमोर कढव."

त्याला अपमानच वाटला तो. मासळीच्या तेलाशिवाय रंगाला लवचिकपणा यायचा नाही, म्हणाला. असला रंग आपण जन्मात केला नाही. टिकला तर टिकला, पण त्याला माझं नाव लावू नका. "नाही लावत," काकू म्हणाल्या, "माझं लावीन." तेव्हा तो हसला, दाढी खाजवली आणि अटी घातल्या. रंगाचे चार हात द्यावे लागतील. दोन हातांच्या मध्ये मी म्हणेन तेवढं वाळू द्यायचं. घाई केलीत तर वर साय आणि खाली दूध. आणि शेवटचा हात दिल्यावर नवा चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब लावायचा नाही.

"रंग कुठला देऊ? लाल आहे, हिरवा आहे."

काकूंनी स्वतःच्या आलवणाकडे एकदा बघितलं. "लाल पुष्कळ झाला," त्या म्हणाल्या. "हिरवा दे." मी चटकन होड्या मोजायला लागले. दुसरीकडे बघायला काहीतरी हवं होतं.

इब्राहीमभाई रोज मागीलदारी येऊन कपाट खरवतीच्या खरखरीत पानांनी घासू लागला. फटींत लांबीचा लगदा भरला. आतून नुसतं कढवलेलं तेल आणि राळ जिरवली, कारण खाण्याच्या वस्तूला रंग टेकायला नको. बाहेरून हिरवा. काकू त्याच्या मागे उभ्या. "इथे पातळ झालाय." "काकी, तुम्ही रंगवा, मी भात लावतो!" असं दिवसभर चाले. त्या दोघांची भांडणं ऐकायला मी माझी उष्टी भांडी मुद्दाम सावकाश घाशी.

आळीत कुजबुज व्हायचीच. एक बाई विहिरीवर नाक मुरडून म्हणाली, "विधवेच्या घरात हिरवं? काय ही थेरं!" काकूंनी घागर खांद्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "कपाटाचा नवरा जिवंत आहे हो." त्या बाईचा दोर हातातून सुटून विहिरीत गेला!

शेवटचा हात देऊन झाला. कपाट स्वयंपाकघरात भिंतीशी उभं राहिलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! धुरानं काळ्या पडलेल्या त्या खोलीत सुपारीच्या कोवळ्या पानासारखं तुकतुकीत हिरवं. काकू स्वयंपाक करताना पुन्हा पुन्हा मागे वळून बघत. पण मनातून धास्ती होतीच. मासळीशिवायचा हा रंग कुणी पाण्यात घालून बघितला नव्हता. चंद्र दिसायला अजून बरेच दिवस होते.

आणि वैशाखातल्या भर दुपारी, न सांगता सवरता, आबाभाऊजी दारात!

पडवीत पानं वाढलेली. मी कैरीचा तक्कू द्यायला म्हणून मागच्या दारानं आत आले होते. आबाभाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थबकले. "हे काय?" काकूंनी सांगितलं. "कुणी रंगवलं?" तेही सांगितलं. खोटं बोलायची सवयच नाही त्या बाईला! आबाभाऊजी लाल झाले. "सोवळ्याच्या कपाटाला परधर्मीयाचा हात? आणि त्यातलं लोकांना वाढणार तुम्ही? थांबा, आत्ता शुद्ध करतो."

"भाऊजी, त्याला नवा चंद्र दिसेपर्यंत पाणी लावायचं नाही. रंग कच्चा आहे."

"त्यांच्या चंद्रावर आपलं स्वयंपाकघर चालायचं का आता? रंग गेला तर बरंच झालं!"

गेले तरातरा विहिरीवर. स्नान केलं, ओल्या पंच्यानिशी परत आले, एका हातात भरलेली घागर, दुसऱ्या हातात गोमूत्राचा तांब्या. पडवीतली मंडळी हातातला घास हातात धरून दाराशी गोळा झाली. बंडोपंताच्या मिशीला ताक तसंच. काकू चुलीपाशी उभ्या, दोन्ही मुठी आवळलेल्या. त्या काय बघत होत्या ते मला कळत होतं. दसरा, दाराशी लागलेली गाडी आणि संगमेश्वरचं ते निवडलेल्या तांदळाचं सूप. मला त्या आबाभाऊजींना धक्का मारून बाहेर काढावंसं वाटलं. खरंच वाटलं!

आधी गोमूत्र शिंपडलं. मग आख्खी घागर धबाधबा कपाटावर ओतली.

पाणी खाली आलं. हिरवं काहीच आलं नाही. दारावर पाण्याचे थेंब राहिले ते अळवावरच्या थेंबांसारखे टपोरे, आणि बघता बघता घरंगळून खाली गेले. कपाट कोरडं. आबाभाऊजी चरकले असावेत, कारण त्यांनी चुलीतली राख उचलली आणि काथ्या घेऊन घासायलाच लागले. खसाखसा! दारं घासली, चौकट घासली, घामानं निथळले.

तेवढ्यात चुलीपाशून काकूंचा आवाज आला, अगदी मऊ. "भाऊजी, खालचा कोपरा राहिला."

आबाभाऊजींनी वळून बघितलं. मग खाली बसून तो कोपरा घासला.

"मागची बाजू पण घ्या. नीट शुद्ध होऊ दे."

बंडोपंताला धीर धरवेना. तो पुढे वाकला, आबाभाऊजींच्या हातातला काथ्या उलटासुलटा करून बघितला आणि ओरडला, "नुसती राख! रंगाचा टिपूससुद्धा नाही काकू! टिपूससुद्धा नाही!" आणि मग जो कल्ला झाला! मास्तर टाळ्या पिटतायत, कुणी ‘शाबास’ म्हणतंय, आणि मी रडत होते, कशाला ते विचारू नका. आबाभाऊजी भिंतीला टेकून बसले. काकूंनी त्यांच्यापुढे कोकमाचं सरबत ठेवलं.

"झालं ना शुद्ध?" त्यांनी विचारलं.

"झालं," आबाभाऊजी धापा टाकत म्हणाले. दुसरं काय म्हणणार? स्वतःच्याच हातांनी केलेलं.

"मग हात धुवा. पान वाढत्ये."

इब्राहीमभाईला हे कळलं तेव्हा तो आधी चिडला, पाणी लावलंच कसं म्हणून. मग सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून बंदरावर सांगत सुटला की बामणांच्या कपाटाचा रंग आपलाच. नाव लावू नका म्हणणारा हाच तो!

पाऊस आला तो चार महिने हटला नाही. काकू रोज जेवणं आटोपली की कपाट उघडत, एक पापड काढत आणि मोडत. कडकन आवाज आला, म्हणजे आत ओल शिरली नाही, की भिंतीपलीकडून मी ओरडे, "ऐकलं हो!" श्रावणात आवाज आला, भाद्रपदात आला. पडवीतली पानं वाढत गेली. सोडून गेलेले परत आले, आणि काकूंनी एकालाही टोमणा मारल्याशिवाय वाढलं नाही.

दसऱ्याला आबाभाऊजी आले. बैलगाडी दाराशी उभी होती, ते मी खिडकीतून बघितलं आणि भिंतीला कान लावून उभी राहिले. काकूंनी कपाटातला पोह्याचा पापड त्यांच्या हातात नुसता कच्चाच दिला. त्यांनी मोडला. तो आवाज माझ्यापर्यंत आला. मग गाडीत चढताना आबाभाऊजी तपकिरीची डबी उघडझाक करत म्हणाले, "वहिनी, तो रंगवाला संगमेश्वरास येईल काय? आमच्या कपाटालाही बुरशी फार."

"येईल की," काकू म्हणाल्या. "पण नवा चंद्र दिसेपर्यंत पाणी लावायचं नाही हो, भाऊजी."

गाडी रिकामीच परत गेली.

पुढे काही वर्षांनी आमच्या यजमानांची मुंबईस बदली झाली. आगबोटीच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. खानावळ वाढली होती, म्हणून शेजारी दुसरं तसंच कपाट करून घेतलेलं. इब्राहीमभाईचे हात आता कापत. तो पडवीच्या पायरीवर बसून नुसता ओरडत होता, "पातळ झालाय काकी, तिथे पातळ झालाय!" आणि काकू चौरंगावर चढून स्वतः रंग देत होत्या. ओणव्या होऊन दोन्ही हात मनगटांपर्यंत कपाटामागच्या फटीत घातलेले, फटीच्या कडा ओल्या. मला बघून खाली उतरल्या आणि हात पुढे केले. दोन्ही मनगटांभोवती रंग लागला होता, हिरवागार, गोल, काकणं भरावीत तसा.

"काकू, हात बघा तुमचे," मी म्हटलं. "थांबा, रॉकेल आणते पुसायला."

त्यांनी हात उजेडात धरले. इकडून बघितले, तिकडून बघितले. त्यांच्या नेहमीच्या सवयीनं नख लावतील असं मला वाटलं. पण नाही लावलं.

"राहू दे गो," त्या म्हणाल्या. "पक्का आहे. जाईल तेव्हा जाईल."

आणि त्याच हातांनी जुनं कपाट उघडून त्यांनी माझ्या ओटीत मुंबईसाठी पापड घातले.